घोरतोय म्हणजे झोपलाय असं नाही

(अहिल्यानगरमध्ये तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वेळेअभावी बोलताना सुटलेलं थोडं नंतर भरलं आहे.)



मला बोलावलं तेव्हा विषय सांगितला होता 'नशामुक्त तरुणाई'. शेवटी सगळ्यांकडून शपथ घ्यायची असंही ठरलं होतं. मी शपथ देणार नाही, हे आयोजकांना कालच कळवलं. तरी त्यांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. शपथेशी माझं भांडण नाही. पण या हॉलमध्ये हात वर करणारे बहुतेक जण तसंही काही घेत नसणार. जो घेतो तो एकतर आलाच नसेल, किंवा सगळ्यांबरोबर हात वर करून घरी जाईल आणि उद्यापासून आणखी जपून लपवेल. मला या लपवण्यावर बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही, वकील नाही, आलिम तर नाहीच. इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. या विषयाशी माझा संबंध एका फोनमुळे आला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री सव्वाअकरा वाजता नगरहून फोन आला. माझ्या मामेभावाचा मित्र बोलत होता. मामेभाऊ तेव्हा तेवीस वर्षांचा. मित्र म्हणाला, "भाई, वो उठताच नै." मी विचारलं, काय घेतलंय? खोकल्याच्या औषधाची अख्खी बाटली, झोपेच्या गोळ्या, म्हणजे पोरं ज्यांना बटन म्हणतात त्या, आणि वर थोडी दारू. मी विचारलं, श्वास चालू आहे ना? तो म्हणाला, चालू आहे, जोरात घोरतोय. मी म्हणालो, मग झोपलाय. दवाखान्यात नेऊ नका, पोलीस केस होईल, मामूंना कळेल, सगळ्या मोहल्ल्यात बोभाटा होईल. कुशीवर वळवा असंसुद्धा मी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. सकाळपर्यंत उतरेल म्हणालो आणि झोपलो. हो, झोपलो. लागलीसुद्धा झोप.

दोन वाजता पुन्हा फोन. ओठ निळे पडलेत. मग रिक्षात घालून त्याला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं? पोरांनी सांगितलं, बाहेरचं काहीतरी खाल्लं. आणखी अर्धा तास गेला. खोकल्याच्या त्या औषधात कोडीन असतं, ते अफूच्या कुळातलं. त्यावर नालोक्सोन नावाचं उतारा औषध आहे. गोळ्यांवर ते चालत नाही, तिथे वेगळी काळजी घ्यावी लागते. म्हणजे काय घेतलं हे कळणं हाच उपचाराचा पहिला भाग. तोच आम्ही त्यांच्यापासून लपवला.

अशा वेळी जे खोल, गुरगुरणारं घोरणं ऐकू येतं, ती झोप नसते. जीभ मागे जाते, श्वासाची वाट अर्धी बंद होते, मेंदूला ऑक्सिजन कमी पडायला लागतो. हे मला नंतर कळलं.

तो वाचला. पण मेंदू बराच वेळ उपाशी राहिला होता. आज तो सत्तावीस वर्षांचा आहे. हळू चालतो, हळू बोलतो, सकाळचं संध्याकाळी विसरतो. मामूंच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसतो, पण सुटे पैसे मोजता येत नाहीत. पहिला फोन मला आला होता, हे मी मामूंना दोन वर्षांनी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पोराला पाठवून चहा मागवला. आज इथे हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली, नाव न घेण्याच्या अटीवर.

आता मला सांगा, त्या रात्री मला भीती कशाची होती? गोळीची नव्हती. मी पोलिसाला घाबरलो, नात्यातल्या लोकांना घाबरलो आणि 'यांची पोरं अशीच' या वाक्याला घाबरलो. ही भीती कुठून येते ते मी नंतर वाचत बसलो. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट बिघडली की आधी जुना लॉग उघडून बघायची सवय असते. तसा मी नगरचा लॉग उघडला.

पहिलीच नोंद चक्रावणारी निघाली. 1893 साली, हिंदुस्थानातल्या गांजा-भांगेवर ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेल्यावर, सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. या कमिशनने देशभरातून 1,193 जणांच्या साक्षी घेतल्या. 1894 च्या अहवालात त्यांनी म्हटलं की माफक सेवनाने सहसा मोठं नुकसान होत नाही, अतिरेकाने होतं. सरसकट बंदीची गरज नाही. बंदी घातली तर लोक याहून वाईट गोष्टींकडे वळतील. त्यापेक्षा लागवडीवर नियंत्रण ठेवा, परवाने द्या, कर लावा. आणि मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांत गांजाची लागवड होत होती, त्यांत आपला नगर जिल्हा होता. आज ज्या पिकासाठी शेतकऱ्याच्या हातात बेड्या पडतात, ते इथे सरकारदरबारी नोंदवून घेतलं जायचं. इंग्रज फार उदार होते असं समजू नका. त्यांना आबकारीचा पैसा हवा होता. पण पैशासाठी का होईना, त्यांनी आधी लोकांना विचारलं.

दुसरी नोंद आपल्या किल्ल्यातली. 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीला इथे कैदेत आणलं. नेहरूंनी इथे काय लिहिलं ते सगळ्यांना माहीत असतं. मौलाना आझादांनी इथेच 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली, हे आपल्या पोरांना सांगावं लागतं. त्या पत्रांत चहावर पानंच्या पानं आहेत. मौलाना पहाटे तीनच्या सुमाराला उठायचे, चिनी चहा स्वतः करायचे आणि एक घोट चहा, एक झुरका सिगारेट अशी जोडी लावायचे. दूध घातलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. म्हणजे इथल्या निम्म्या टपऱ्या त्यांच्या हिशेबी बादच. मी हे वाचून हसलो आणि मग विचारात पडलो. निकोटीन आणि कॅफिन दोन्ही मेंदूवर काम करतात, दोन्हींची सवय लागते. पण मौलानांची तलफ आपल्याला साहित्य वाटते आणि कोपऱ्यावरच्या पोराची तलफ गुन्हा. कॉफीवर मक्केत 1511 मध्ये बंदी आली होती. तंबाखू ओढणाऱ्याला उस्मानी सुलतान चौथा मुराद 1633 पासून मृत्युदंड देत होता. आज त्याच इस्तंबूलला आपण पर्यटक म्हणून जातो आणि कॉफीचे फोटो टाकतो.

सगळे पदार्थ सारखेच असं मी म्हणत नाही. कॉफीने श्वास थांबत नाही. पण कुठला पदार्थ किती घातक आहे आणि समाज त्याला किती घाणेरडं समजतो, या दोन यादी जुळत नाहीत. तंबाखूने देशात दरवर्षी 13 लाखांच्या आसपास माणसं मरतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि गुटखा कुठे मिळतो हे इथल्या कुणालाही विचारावं लागणार नाही. नगरच्या माव्याबद्दल तर मी बोलतच नाही, पाहुणे गाडी थांबवून पुडी बांधून घेतात. घरात मावा खाणारा चाचा बुजुर्ग असतो आणि गोळी खाणारा भतीजा 'बिगडा हुआ'.

तिसरी नोंद दारूची. आपल्याकडचा 1949 चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. कागदोपत्री आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. त्याच महाराष्ट्राचं सरकार दारूवरच्या शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर कमावतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने, कारखान्यांची मळी, मळीपासून मद्यार्क. आणि याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. 1975 नंतर अण्णा हजारेंनी तिथे दारूच्या भट्ट्या बंद करवल्या. आधी समजवायचं, मग देवासमोर शपथ, आणि तरीही ऐकलं नाही तर खांबाला बांधून फटके. हे अण्णांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे.

राळेगणबद्दल माझं मत इथे बसलेल्या काही जणांना आवडणार नाही. फटके मारणं मला मान्य नाही, माणसाला खांबाला बांधायचा हक्क गावाला नाही. पण मला माझी खाला आठवते. तिचा नवरा पगाराच्या दिवशी पिऊन यायचा आणि आम्ही पोरं पलंगाखाली लपायचो. तिला कुणी विचारलं असतं की त्या माणसाला खांबाला बांधू का, तर तिने दोरी आणून दिली असती. व्यसनी माणसाच्या हक्काबद्दल बोलताना त्याच्या घरात राहणाऱ्या बाईला विसरणारे लोक मला पटत नाहीत. गावातल्या बायका मतदान घेऊन दारूचं दुकान बंद करू शकतात, हा महाराष्ट्रातला नियम त्यामुळेच मला चांगला वाटतो. बाटली आडवी करायचा अधिकार ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या हातात दिलाय.

पण जिल्ह्यावर बंदी लादली की काय होतं? गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि तिच्या बाजूने डॉ. अभय बंग यांच्यासारखी माणसं पोटतिडकीने बोलतात. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली. 2021 मध्ये सरकारने अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचं कारण देत ती उठवली. शेजारशेजारचे जिल्हे, दोन निकाल. आणि परवानगी दिली की प्रश्न सुटला म्हणणाऱ्यांसाठी आपलं पांगरमल आहे. फेब्रुवारी 2017, जिल्हा परिषदेची निवडणूक, नगर तालुक्यातलं गाव, प्रचारातली जेवणावळ. वाटलेल्या दारूत विष होतं. किमान नऊ माणसं मेली. तपास करता करता पोलीस बनावट दारूच्या मागावर पोचले ते थेट जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनपर्यंत. तिथे दारूबंदी नव्हती. फुकटची दारू होती आणि मतं हवी असलेली माणसं होती.

पांगरमलच्या मेलेल्यांना कुणी देशद्रोही म्हटलं नाही, त्यांचा धर्म-जात काढला नाही, आणि तेच बरोबर होतं. लोक हळहळले. आता हीच हळहळ ठेवून गोळ्यांकडे या.

1961 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती. ती संपत आली आणि 1985 मध्ये आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला. त्यात गांजाच्या झाडाचा फुलोरा गुन्हा आहे, नुसतं पान नाही, म्हणून भांग सुटली. भांग सुटली कारण ती सणाची आहे, मंदिराची आहे, समाजाच्या ओळखीची आहे. मला त्यात तक्रार नाही. ज्या नशेला समाजात ओळख असते तिला कायद्यात खिडकी मिळते, एवढंच नोंदवून ठेवा.

या कायद्यात थोडा माल, मधला माल आणि व्यापारी माल अशा पायऱ्या आहेत. झोपेच्या ज्या गोळ्या पोरं खातात त्यातल्या अल्प्राझोलामसाठी 'थोडा' म्हणजे 5 ग्रॅमपर्यंत. एका गोळीत औषध असतं अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे 5 ग्रॅम व्हायला दहा हजार गोळ्या लागतील, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच गणित केलं. पण 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वजन निव्वळ औषधाचं नाही, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं धरायचं. गोळीचं वजन 100 मिलिग्रॅम धरा. पन्नास गोळ्यांत पायरी ओलांडली. पाच पाकिटं. चार मित्रांसाठी गोळ्या आणायला गेलेला पोरगा या हिशेबात 'थोड्या'तून बाहेर पडतो. कुणाच्या खिशात पाकिटं सापडली तर त्याने हे गणित केलेलं नसतं, पण ते त्याला लागू होतं.

त्याच कायद्यात 64-अ नावाचं एक कलम आहे, ते किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बरं. एक, दोन. वकील सोडून? कुणी नाही. सेवन केल्याच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. हे कलम कायद्यात आहे. भिंतीवर मात्र 'नशा करणाऱ्यांची खैर नाही' एवढंच लिहिलेलं असतं.

आता तिसरी भीती, जिच्याबद्दल आपण बाहेर बोलत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये केरळात एका बिशपांनी 'नार्कोटिक जिहाद' असा शब्द वापरला. पुढच्याच महिन्यात मुंबईत क्रूझवर एनसीबीची कारवाई झाली, 3 ऑक्टोबरला आर्यन खानला अटक झाली. महिनाअखेरीस तो जामिनावर सुटला आणि मे 2022 मध्ये आरोपपत्र आलं तेव्हा त्यात त्याचं नावच नव्हतं, पुरेसा पुरावा नाही म्हणून. मधल्या काळात टीव्हीवर काय काय बोललं गेलं ते तुम्ही ऐकलंय. त्याच्या बापाकडे देशातले मोठे वकील होते. आपल्या मोहल्ल्यातल्या पोराच्या बापाकडे एक रिक्षा असते. म्हणून आपण शहाणपण म्हणून ठरवलं की गप्प बसायचं. घरातली गोष्ट घरात. मीही त्या रात्री तेच शहाणपण केलं.

आणि घरात काय होतं? आधी मारतात. मग खोलीत कोंडतात. मग कुणीतरी म्हणतं लग्न करून टाका, सुधारेल. म्हणजे ज्या मुलीचा यात काहीच दोष नाही तिला औषध म्हणून आणायचं. मग जमातीची बैठक होते, बोर्ड लागतो, नशा करणाऱ्यांशी संबंध ठेवू नका. बोर्ड लावणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, त्यातल्या काहींना मी ओळखतो, स्वतःच्या खिशातून अँब्युलन्सचे पैसे देणारी माणसं आहेत. पण तो बोर्ड वाचून पोरगा नशा सोडत नाही, येणं-जाणं सोडतो.

धर्माचं नाव घेऊन हे केलं जातं म्हणून एक गोष्ट सांगतो, आलिम लोकांनी चुकलं तर दुरुस्त करावं. नशा हराम आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ती मनाई एका दिवसात आली नव्हती. आधी सांगितलं गेलं की यात फायद्यापेक्षा गुन्हा मोठा आहे, मग नशेत नमाजला येऊ नका, मग सोडाच. आणि सहीह बुखारीत एका माणसाचा प्रसंग आहे. तो पुन्हा पुन्हा दारू पिऊन पकडला जायचा. त्याला शिक्षा झाली, हे मी लपवत नाही. पण एकाने त्याच्यावर लानत पाठवली तेव्हा पैगंबरांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले की हा माणूस अल्लाहवर आणि रसूलवर प्रेम करतो. शिक्षा झालेला माणूसही आपलाच राहिला. आपण नेमकं उलटं करतो, शिक्षा दुसऱ्यांवर सोपवतो आणि लानत स्वतः पाठवतो.

याच नगरजवळ अरणगावला मेहेराबाद आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतली विद्यापीठातली पोरं एलएसडी घेत होती आणि त्यात देव दिसतो म्हणत होती. तेव्हा तिथल्या बहुतेक भागात ते बेकायदाही नव्हतं. त्यातले काही प्रश्न घेऊन मेहेरबाबांकडे आले, काहींनी पत्रं लिहिली. बाबांचं उत्तर स्पष्ट होतं की हे शरीराला, मनाला आणि रुहानी वाटेलाही घातक आहे. 1966 मध्ये 'गॉड इन अ पिल?' नावाची पुस्तिका निघाली. पण जी पोरं आली त्यांना त्यांनी हाकललं नाही. उलट परत जा आणि तुमच्यासारख्यांना सांगा, असं काम दिलं. बाबांच्या बाकीच्या शिकवणीशी तुमचं-माझं पटो न पटो, 'हे नको' म्हणताना 'तू नको' न म्हणणारा माणूस आपल्या शेजारच्या गावात होऊन गेला. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केलं तेही असंच. अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसे पुढे केले. तिथे व्यसनी माणसाला आजारी माणूस म्हणून घेतलं गेलं. मराठी मध्यमवर्गाला हे चाळीस वर्षांपूर्वी कळलं, कारण त्यांची स्वतःची पोरं गर्दमध्ये अडकली होती. आपली आत्ता अडकलीत.

मग तुम्ही विचाराल, याला काय, सगळं खुलं करायचंय का? मागे एका काकांनी हे मला तावातावाने विचारलं होतं. नाही. विकणाऱ्याचा गुन्हा गुन्हाच राहावा. खोकल्याच्या बाटल्या खोक्याने काळ्या बाजारात सोडणारा दुकानदार आत गेला तर मी पेढे वाटेन. पण घेणाऱ्याला गुन्हेगार करून काय मिळालं, ते दाखवा. पोर्तुगालने 2001 मध्ये दहा दिवसांपुरता माल जवळ असणं हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. माल जप्त होतो, पण माणसाला कोर्टाऐवजी समितीसमोर पाठवतात, तिथे समाजसेवक असतात, मानसशास्त्रज्ञ असतात. विकणं तिथेही गुन्हाच आहे. भारतात हे जसंच्या तसं चालेल का? मला शंका आहे. समिती बसवून तिला टेबलखुर्ची आणि माणसं दिली नाहीत तर कागदावरची आणखी एक समिती होईल. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. दारू, जी उघड्यावर मिळते, तिची ही अवस्था. गोळ्यांचं काय असेल?

कायदा बदलणं आज संध्याकाळी आपल्या हातात नाही. आपल्या हातात काय आहे ते सांगतो, लिहून घ्या किंवा फोटो काढा.

कुणी काही घेऊन पडला आणि उठत नसेल, तर झोपू देऊ नका. हाका मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नसेल तर 108 ला फोन. उताणा ठेवू नका, कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे घ्या, तोंड जरा खाली, म्हणजे उलटी झाली तरी श्वासात जाणार नाही. घोरणं, गुरगुर, श्वास थांबत थांबत येणं, ओठ निळे पडणं, ही धोक्याची लक्षणं आहेत. पाणी, लिंबू, मीठ, काही तोंडात घालू नका. एकटा सोडू नका. रिकामी पाकिटं, बाटली, जे असेल ते सोबत घ्या आणि डॉक्टरांना खरं सांगा. पोलीस येतील का? खोटं सांगत नाही, दवाखाना एमएलसी म्हणून नोंद करू शकतो आणि पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात. जबाब घेणं म्हणजे पेशंटवर गुन्हा दाखल होणं नव्हे. एखादा हवालदार दरडावेलही. तेवढं सोसा. इथे दोन वकील आहेत, त्यांनी नंबर द्यायचं कबूल केलंय, मागच्या टेबलावर चिठ्ठ्या ठेवल्यात. आणि जो अजून पडलेला नाही पण सोडू शकत नाही, त्याच्यासाठी 14446 हा सरकारचा मोफत नंबर आहे. मनाचं काही असेल तर 14416, टेलिमानस.

आणि आपल्यातल्या मोठ्या भावांसाठी, माझ्यासारख्यांसाठी. बाहेरगावी नोकरी करतो, घरात आपल्या शब्दाला मान असतो, अडचणीत पोरं अब्बांना नाही, आपल्याला फोन करतात. तो फोन आला तर आधी ओरडू नका. काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता घेतलं, एवढंच विचारा आणि 'आत्ता न्या' म्हणा. बाकीचं नंतर.

मामेभावाला त्या रात्रीचं काही आठवत नाही. घरात बरीच वर्षं तीच गोष्ट चालली जी दवाखान्यात सांगितली होती, बाहेरचं काहीतरी खाल्लं. त्यालाही तेच सांगितलेलं. गेल्या वर्षी मामूंशी बोलून मी त्याला खरं सांगितलं. तो विसरला. महिन्या-दोन महिन्यांनी मी नगरला आलो की जुम्म्यानंतर आम्ही दुकानाबाहेर चहा घेतो आणि तो पुन्हा विचारतो, भाई, मला नक्की झालं काय होतं? मी पुन्हा सगळं सांगतो, फोनपासून. परवाही सांगितलं. तो बराच वेळ ग्लासाकडे बघत बसला. मग म्हणाला, अब्बांना माहीत आहे? म्हटलं, माहीत आहे. "मग ठीक," म्हणाला, आणि माझ्या चहात अजून एक चमचा साखर टाकली.